मिथेनॉल, इथेनॉल आणि एका बाटलीवरची चिठ्ठी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात आलेल्या दोन बातम्यांबद्दल हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, पण शेवटची मागणी तेवढी ठेवा.

पहिली बातमी आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची होती. यंदाच्या गळीत हंगामात ‘मिथेनॉल’चं उत्पादन वाढणार आणि तेल कंपन्या ते पेट्रोलमध्ये मिसळायला घेणार, असा चार कॉलमी मथळा. दुसरी आतल्या पानावर, परराज्यातल्या विषारी दारूची. त्यात ‘इथेनॉल मिसळलेली दारू प्यायल्याने’ माणसं दगावल्याचं छापलं होतं. दोन्हीकडे नावं उलटी पडली आहेत. कारखान्यात मळीपासून आणि उसाच्या रसापासून जे बनतं ते इथेनॉल. विषारी दारूत जे मारतं ते मिथेनॉल. दारूत इथेनॉल असतंच, तीच दारू. त्यामुळे ती माणसं कशानं गेली, हे आपल्या वाचकाला शेवटपर्यंत कळलंच नाही.

मी आपल्या कचेरीत फोन केला. पलीकडचा मुलगा अदबीनं बोलला. म्हणाला, “काका, एका अक्षराचा तर फरक आहे. वाचक समजून घेतात.” त्याच्यावर माझा राग नाही. त्याला ते अक्षर कुणी समजावून सांगितलेलं नाही, आणि मलाही नोकरीची पहिली सात-आठ वर्षं ते माहीत नव्हतं. पण त्या एका अक्षरानं एका माणसाचे डोळे गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

मी वाळवा तालुक्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत एकतीस वर्षं केमिस्ट होतो. आता विश्रामबागेत राहतो. आमच्या लॅबचं काम असं, की प्रत्येक टाकीतल्या स्पिरिटचा नमुना यायचा. हायड्रोमीटर सोडून स्ट्रेंथ, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, बघायची, आम्लता बघायची, आणि त्यात मिथेनॉल किती आहे ते बघायचं. आंबवण्यात मिथेनॉल अगदी किंचित असतं, पण तपासल्याशिवाय माल सोडायचा नाही. नमुन्यात पोटॅशियम परमँगनेट घातलं की मिथेनॉलचं फॉर्माल्डिहाइड होतं. मग क्रोमोट्रॉपिक आम्ल आणि तीव्र गंधकाम्ल घालून तापवलं की जांभळा रंग चढतो. रंग जेवढा गडद, तेवढं मिथेनॉल जास्त. या रंगाची तुलना करायला शुद्ध मिथेनॉलचं ठरावीक प्रमाणातलं द्रावण करून ठेवावं लागतं. त्यासाठी अर्ध्या लिटरची एक तपकिरी बाटली कपाटात असायची. तिच्यावर इंग्रजीत छापील लेबल: मेथिल अल्कोहोल. त्या काळी लॅबमध्ये मिथेनॉल, इथेनॉल कुणी म्हणत नसे. मेथिल आणि एथिल हेच शब्द.

१९८६ सालचा जानेवारी. हंगाम भरात होता. लॅबमध्ये काचसामान धुवायला, नमुने आणायला एक गडी होता, सगळे त्याला आण्णा म्हणायचे. स्पिरिटच्या टाक्यांना उत्पादन शुल्क खात्याचं कुलूप असायचं, तिथून थेंब मिळणं मुश्कील. पण ही बाटली नुसत्या कपाटात होती. आण्णाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिसऱ्या पाळीत त्यानं एका शिकाऊ पोराला विचारलं, यावर काय लिवलंय? पोरानं वाचलं, “मेथिल अल्कोहोल.” त्यातला दुसरा शब्द आण्णाच्या ओळखीचा होता. पहिला नव्हता.

पाणी घालून त्यानं अर्धा पेला घेतला. सकाळी तो ठणठणीत होता. घरी गेला, न्याहरी केली, उसाला पाणी पाजायला गेला. मिथेनॉलचं हेच घातक आहे, ते लगेच दाखवत नाही. अर्धा दिवस, कधी त्याहून जास्त वेळ माणूस हिंडतो-फिरतो. तिन्हीसांजेला आण्णाच्या पोटात कळा सुरू झाल्या, डोकं ठणकायला लागलं, आणि तो बायकोला म्हणाला, “कुणीतरी डोळ्यांम्होरं कापूस पिंजतंय बघ.” दिवा लावला तरी त्याला कापूसच दिसत होता.

सांगलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, मेथिल का एथिल? बरोबर आलेल्या चौघांपैकी कुणालाही सांगता येईना. एकजण मोटारसायकलवर उलटा कॉलनीत आला, माझं दार वाजवलं. मी लॅब उघडून ती बाटली पिशवीत घातली आणि त्याच्या मागे बसून सांगली गाठली. डॉक्टरांनी लेबल वाचलं. खाण्याच्या सोड्याचं सलाइन आधीच लावलं होतं. मग त्यांनी जे केलं ते बघून आण्णाच्या भावानं कपाळाला हात लावला. त्यांनी नळीतून त्याला मोजून मापून दारू दिली.

त्याचं कारण साधं आहे आणि ते प्रत्येकाला माहीत असायला हवं. आपलं यकृत ज्या एन्झाइमनं इथेनॉल पचवतं, त्याच एन्झाइमनं मिथेनॉलही पचवतं. मिथेनॉल स्वतः तेवढं घातक नाही. यकृतात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, ते घातक. लॅबमध्ये परमँगनेट घालून आम्ही त्याची जी पहिली पायरी करायचो, तीच माणसाच्या पोटात होते. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते. लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात, त्यावरून नाव पडलं. ते रक्तात साठलं की रक्ताची आम्लता वाढते आणि सर्वांत आधी डोळ्याच्या मागची नस मरते. १० मिलीसारख्या थोड्या मिथेनॉलनंही नजर जाऊ शकते. पण त्या एन्झाइमची पहिली पसंती इथेनॉलला. कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर गाड्यांची रांग लागली आणि एका बाजूच्या गाड्या आधी घ्यायचा हुकूम असला की दुसऱ्या बाजूच्या जागेवर उभ्या राहतात, तसं होतं. इथेनॉल आत जात राहतं, मिथेनॉल बाहेर थांबतं आणि हळूहळू लघवीवाटे, श्वासावाटे निघून जातं. आता यासाठी फोमेपिझोल नावाचं औषध आहे. दारूचा हा उपाय घरी करून बघायचा नाही, किती द्यायचं आणि किती वेळ द्यायचं हे डॉक्टरच ठरवू शकतात. शंका आली तर उरलेली बाटली घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

आण्णा वाचला. डावा डोळा पूर्ण गेला, उजव्याला उजेड-अंधार तेवढा कळायचा. महिनाभरानं मी त्याच्या घरी गेलो, तेव्हा तो पडवीत खांबाला टेकून बसला होता. माझ्या चपलेच्या आवाजावरून ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग म्हणाला, “सायेब, त्या बाटलीवर काय लिवलं हुतं?”

“मेथिल,” मी म्हणालो.

“म्हंजे काय?”

मी बी.एस्सी. झालेला माणूस. मला एवढंच सांगता आलं, की मेथिल म्हणजे एक कार्बन आणि एथिल म्हणजे दोन कार्बन. त्या पडवीत ते वाक्य माझं मलाच ऐकवेना. डोळे गेलेल्या माणसाला मी कार्बनचा आकडा सांगत होतो. तो “असं व्हय” म्हणाला आणि गप्प झाला.

आज माझी नात दहावीत आहे. तिच्या वहीत तक्ता आहे: मिथ म्हणजे १, इथ म्हणजे २, प्रोप ३, ब्यूट ४, पेंट ५, हेक्स ६. परीक्षेला हे पुरतं. पण ‘मिथ’चा अर्थ एक असा जगातल्या कुठल्याही भाषेत नाही. ‘पेंट’पासून पुढचे शब्द खरोखर आकडे आहेत, आणि ते आपल्या इतके जवळचे आहेत की पाठ करायची गरजच नाही. ग्रीक पेंटे म्हणजे आपलं पंच, हेक्स म्हणजे षट्, हेप्टा म्हणजे सप्त, ऑक्टो म्हणजे अष्ट, डेका म्हणजे दश. पेट्रोल पंपावर ‘ऑक्टेन’ वाचताना मला दर वेळी अष्टविनायक आठवतात. एकच कुळी आहे. रशियाच्या मेंडेलीव्हनं तर १८७१ साली न सापडलेल्या मूलद्रव्यांची जागा राखताना सरळ संस्कृत ‘एक’ वापरला: एका-अ‍ॅल्युमिनियम, एका-बोरॉन, एका-सिलिकॉन. पुढे १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं आणि तिन्ही जागा भरल्या.

मग पहिले चार असे वेगळे का? कारण हे पदार्थ माणसाच्या हातात आधी आले, त्यातले कार्बन मोजता नंतर आले. अणुभारांवर रसायनशास्त्रज्ञांचं एकमत होऊ लागलं ते १८६०च्या कार्ल्सरूह परिषदेनंतर. तोवर नावं पडून गेली होती. ती नावं पडली ती पदार्थ कुठून आला, कसा वागतो यावरून. म्हणजे आण्णानं जे विचारलं होतं, त्याचं उत्तर त्या नावातच होतं. ते शोधायला मला तीन-चार वर्षं लागली. सांगलीच्या वाचनालयात एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, ज्यात शब्दाची वंशावळ दिलेली असते. एका रविवारी मी तो घेऊन बसलो. अर्धं तिथे मिळालं. उरलेलं अर्धं आमच्या शेजारच्या संस्कृतच्या निवृत्त मास्तरांनी समजावलं.

१८३४ साली पॅरिसमध्ये झां-बाप्तिस्त द्युमा आणि युजीन पेलिगो हे दोघे लाकडाच्या स्पिरिटवर काम करत होते. लाकूड हवा न लागू देता तापवलं की खाली कोळसा उरतो आणि वर जी वाफ येते ती थंड केली की एक काळपट पाणी मिळतं. आपल्या शिराळ्याकडच्या डोंगरात पूर्वी कोळसा पाडायचे, त्या भट्टीच्या धुरातही तेच असायचं, फक्त ते गोळा कुणी करत नव्हतं. त्या पाण्यात सिरक्यातलं आम्ल असतं, डांबर असतं, अ‍ॅसिटोन असतं आणि एक दारूसारखं वास मारणारं द्रव्य असतं. १६६१ मध्ये रॉबर्ट बॉइलनं ते वेगळं काढलं होतं. द्युमा आणि पेलिगो यांनी त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन कुठल्या प्रमाणात आहेत ते ठरवलं आणि त्याच्या मुळाशी असलेल्या गटाला नाव दिलं ‘मेथिलीन’. ग्रीकमध्ये ‘मेथि’ म्हणजे मद्य आणि ‘हिले’ म्हणजे लाकूड. लाकडाची दारू. पुढे १८४०च्या सुमारास त्यातून ‘मेथिल’ कापून काढला, आणि रसायनांच्या नावांचे नियम ठरवणाऱ्या १८९२च्या जिनिव्हा परिषदेनंतर मिथेनॉल हे नाव आलं. काटछाट होता होता लाकूड गळून पडलं आणि नावात नुसती दारू उरली.

मास्तरांनी त्या ‘मेथि’वर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अहो, हा आपला मधु.” ग्रीक मेथि आणि संस्कृत मधु सख्खे भाऊ आहेत. आधी मध, मग मधापासून आंबवलेलं पेय, मग कुठलंही मद्य असा अर्थ सरकत गेला. इंग्रजीतला मीड म्हणजे मधाची दारू, तोही याच घरचा. बोटात घालायचा जांभळा अ‍ॅमेथिस्टचा खडासुद्धा याच मेथिवरून आला आहे. ‘अ-मेथिस्टोस’ म्हणजे नशा न चढू देणारा, ग्रीकांची तशी समजूत होती. मी उत्साहानं म्हणालो, मग मद्य हा शब्दही त्यातलाच असणार. मास्तरांनी मान हलवली. मद्य येतं ‘मद्’ धातूवरून, मद चढणे, उन्मत्त होणे. तो वेगळा वंश, दिसायला जवळचा एवढंच. (आणि नातीनं विचारलं म्हणून सांगतो, भाजीच्या मेथीशीही याचं काही नातं नाही.)

‘एथिल’ची गोष्ट वेगळी. दारूवर गंधकाम्लाची क्रिया केली की ईथर मिळतं. हातावर ओतलं तर डोळ्यांदेखत उडून जाणारं आणि दूरच्या ठिणगीनं पेटणारं. १७३० मध्ये फ्रोबेनियसनं त्याला हे नाव दिलं, ग्रीक ‘ऐथेर’वरून. ऐथेर म्हणजे आकाशातली वरची तेजस्वी हवा, आणि त्यामागचा धातू ‘ऐथेइन’ म्हणजे जळणे, पेटणे. १८३४ मध्येच जर्मनीच्या लीबिगनं या ईथरला ‘हिले’ जोडून ‘एथिल’ केला. त्यानं हिले घेतला तो ‘द्रव्य’ या अर्थानं, कारण ग्रीकमध्ये लाकडाचा शब्दच पुढे द्रव्यासाठीही वापरू लागले होते. म्हणजे मेथिलमधला शेपटीचा ‘इल’ लाकूड आहे आणि एथिलमधला ‘इल’ द्रव्य आहे.

आणि ऐथेइनचा संस्कृत भाऊ आहे ‘इन्ध्’, पेटवणे. त्यावरून इंधन. त्यावरूनच समिधा. मास्तरांनी हे सांगितलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभा राहिलो. आम्ही डिस्टिलरीत जे गाळत होतो त्याच्या नावातच इंधन बसलेलं होतं. तेव्हा पेट्रोलमध्ये ते घालायची गोष्टही आमच्याकडे नव्हती. आज पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमधला ‘इथ’ म्हणजे इंधनातला ‘इंध’, एवढं ज्याला कळलं तो माणूस आयुष्यात पुन्हा हे दोन शब्द उलटे लिहिणार नाही. कारखान्याच्या बातमीत इंधनाचा इथ. विषाच्या बातमीत मधाचा मिथ. विषाला मधाचं नाव मिळालं हे दुर्दैव आहे, पण उलटं आहे म्हणूनच ते लक्षात राहतं.

तिसरा आणि चौथा भाऊ थोडक्यात सांगतो. प्रोपेनमधला ‘प्रोप’ आला प्रोपिऑनिक आम्लावरून: ‘प्रोटोस’ म्हणजे पहिला आणि ‘पिओन’ म्हणजे चरबीदार. चरबीतल्या आम्लांसारखं वागणारं सर्वांत लहान आम्ल म्हणून १८४७ मध्ये द्युमा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तसं नाव ठेवलं. प्रोटोसच्या जवळ आपला प्रथम आहे आणि पिओनच्या जवळ पीवर. ब्यूटेन आला खवट लोण्यातल्या ब्यूटिरिक आम्लावरून, आणि त्या शब्दात ‘बूस’ म्हणजे गाय आहे, आपल्या ‘गो’ची बहीण. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये हे दोघे एकत्र असतात. १८६६ साली हॉफमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या सगळ्यांना एका माळेत ओवलं, मिथेन, इथेन, प्रोपेन असं. आपल्या बाराखडीसारखं त्यानं एकाच मुळाला अ, ए, इ, ओ, उ असे स्वर लावत नेले. आकडे त्यानंतर चिकटले, आणि शाळेत आता आकडेच उरले आहेत.

हे सगळं लॅबपुरतं आहे असं कुणाला वाटेल. माझ्या पुतण्याची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मागच्या मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. मोठ्या टबात पाणी, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. क्रेटमधली द्राक्षं त्यात बुडवून काढायची आणि जाळीवर पसरायची. सालीवर मेणाचा थर असतो, तो या द्रावणानं सैल पडतो म्हणून आतलं पाणी लवकर उडतं आणि माल हिरवा राहतो. मी कॅन फिरवून लेबल वाचलं: इथाईल ओलिएट. शेडवरच्या बायका पिढ्यानपिढ्या वापरत असल्यासारखं त्याला ‘डिपिंग’ म्हणत होत्या. शेजारच्या खोलीत औषधांच्या बाटल्या. केवडा रोगासाठी डायमिथोमॉर्फ, पानगळीसाठी इथेफॉन, भुरी रोगासाठी थायोफिनेट मिथाईल. एका खोलीत सगळे मिथ आणि इथ शेजारी शेजारी. इथे मिथ असलं की विष आणि इथ असलं की निर्धोक, असं मुळीच नाही. नुसत्या मिथवरून काही ठरत नसतं, त्याला पुढे काय जोडलंय त्यावर सगळं. पण पूर्ण नाव वाचायची, अर्धं न वाचायची सवय ज्याला नाही, त्याच्या हातून कॅनची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. पुतण्याच्या खोलीत एका पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनवर पेननं नुसतं ‘स्पिरिट’ लिहिलेलं होतं. कुठलं, ते त्यालाही सांगता आलं नाही. मी तो तिथेच वेगळा काढून ठेवायला लावला.

जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीत शंभराहून जास्त माणसं मिथेनॉलनं गेली. वासानं ते ओळखता येत नाही, चवीनं येत नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं आणि मिथेनॉल ६५ अंशांना, पण हा फरक बघायला यंत्र लागतं, पेला हातात घेतलेल्या माणसाला तो कळत नाही. त्याच्या हाती असतं ते फक्त नाव. त्यातून आता पेट्रोलमध्ये मिथेनॉल मिसळायचे प्रयोगही होत आहेत, २०२२ मध्ये आसामात तिनसुकियाला १५ टक्के मिथेनॉलचं पेट्रोल आणलं गेलं. म्हणजे ‘पेट्रोलमध्ये घालतात ते इथेनॉल’ ही खूणही पुढे कामाची राहणार नाही. नाव नीट छापण्याला त्यामुळे जास्तच महत्त्व येणार आहे.

मास्तरांकडून परतल्यावर त्याच आठवड्यात मी आण्णाकडे गेलो. म्हणालो, “आण्णा, तू विचारलं होतंस ना, मेथिल म्हंजे काय? लाकडाची दारू.”

तो जरा वेळ थांबला. मग म्हणाला, “मग तसंच लिवायचं की बाटलीवर. लाकडाची हाय म्हनून लिवलं असतं, तर कोन पिलं असतं?”

दुसऱ्या दिवशी मी कागदाची चिठ्ठी कापली आणि शाईनं मराठीत लिहिलं: ‘लाकडाचं स्पिरिट. विष. डोळे जातात.’ इंग्रजी लेबलाच्या खाली ती डकवली, वरून मेणबत्ती घासली म्हणजे पाणी लागून शाई पसरायची नाही. नवी बाटली आली की नवी चिठ्ठी. पुढे कपाटाला कुलूपही लागलं, किल्ली दोघांकडेच. पण चिठ्ठी मी थांबवली नाही, आणि माझ्यानंतर आलेल्या मुलानंही अजून थांबवलेली नाही, असं तो मागच्या दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला.

माझी मागणी एवढीच. त्या दोन्ही बातम्यांची दुरुस्ती आपण छापावी, मूळ बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर. आणि यापुढे मिथेनॉल हा शब्द बातमीत पहिल्यांदा येईल तिथे त्याच्यापुढे ‘विषारी लाकूड-स्पिरिट’ असे दोन शब्द जोडावेत. आज ते लाकडापासून कुणी बनवत नाही, बहुतेक नैसर्गिक वायूपासून बनतं, हे मला ठाऊक आहे. तरीही हे दोन शब्द जोडा. आपल्या संपादकीय विभागातल्या ज्या मुलानं माझा फोन घेतला, त्यानं कधी विश्रामबागेत यावं. तो शब्दकोशातला उतारा मी हातानं उतरवून ठेवला आहे, त्याला दाखवीन.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट,
विश्रामबाग, सांगली